सलोमी डी.

सलोमीबाईंच्या खोलीत कुणालाही नाव नव्हतं. तिथं अंगठा होता, टाच होती, कोपर होतं, भाजलेली पाठ होती. बाई दारात येऊन मोठ्यानं हाक मारायच्या, "टाच कोण आहे? चला, टाच आत या." मग बाकावरून एखादा झुपकेदार मिशीवाला गडी इकडंतिकडं बघत उठायचा आणि लंगडत आत जायचा. पहिल्या दिवशी माणसं चिडायची. आठवडाभरानं तीच माणसं फाटकातूनच ओरडायची, "बाई, अंगठा आलाय वं!"

मी मंगल. त्या खोलीत मी नऊ वर्षं बाईंच्या हाताखाली होते. गॉज कापायचं, चिमटे उकळायचे, घाणीची बादली मागं नेऊन जाळायची आणि पेशंट फार वळवळायला लागला की त्याला धरून ठेवायचं, हे माझं काम. दवाखाना तेव्हाच्या औरंगाबादेत, छावणीकडून नगर नाक्याला जाणाऱ्या रस्त्यावर, ख्रिस्ती मंडळीनं चालवलेला. तीन खोल्या, वर पत्रे, पुढं कडुलिंब. डॉक्टर आठवड्यातून तीनदा यायचे, बाकी सगळं राज्य बाईंचं. वाळूजला तेव्हा कंपन्यांवर कंपन्या उभ्या राहत होत्या. आदल्या महिन्यापर्यंत मेंढरांमागं हिंडणारी, कापूस वेचणारी माणसं एकदम पत्रा दाबायच्या प्रेससमोर उभी केली जायची. प्रेस काही कुणासाठी थांबत नाही. शिफ्टची बस नाक्यावर आली की हाताला फडकं गुंडाळलेला एखादा तरी खाली उतरायचाच, आणि कुणीतरी त्याला आमच्या फाटकाकडं बोट दाखवायचं.

बाई ठेंगण्या, काळ्या. पांढरं सुती पातळ, पायात कॅनव्हासचे बूट, मनगटावर पुरुषी घड्याळ. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. शनिवारी दुपारी शहागंजातून नानखलिया मागवायच्या आणि खाताना कुणी बोललेलं त्यांना खपायचं नाही. लग्न केलं नव्हतं. नात्यातलं कुणी आलेलं मी कधी पाहिलं नाही. ड्रेसिंग करताना एकच गीत गुणगुणायच्या, तेही अर्धं. पुढचं येत नाही का, असं विचारलं तर म्हणायच्या, "तेवढ्यात ड्रेसिंग संपतं."

सही करायच्या, 'सलोमी डी.' मी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "बाई, डी म्हणजे काय?"

"डी म्हणजे ड्रेसिंग."

पाळकसाहेबांनाही म्हणे हेच उत्तर मिळालं होतं. लोक हसून सोडून द्यायचे. मीही दिलं.

आणि लोकांना अवयवाच्या नावानं का हाक मारता, हे विचारलं तेव्हा त्यांनी बाहेरच्या बाकाकडं मान वळवली. "नाव विचारलं की माणूस आडनाव सांगतो. आडनाव ऐकलं की शेजारचा सरकून बसतो. माझ्याकडं बाक एकच आहे, मंगल."

चिमटा हातात घेतला की बाई आधी डोळे मिटायच्या. ओठ हलायचे, दोनतीन श्वास, झालं. एकदा एका मुसलमान सुताराच्या तळहाताला जखम होती. त्यानं विचारलं, "सिस्टर, हमारे वास्ते बी दुआ कररे क्या?" बाई म्हणाल्या, "तुझ्यासाठी नाही रे बाबा. चिमट्यासाठी. सरळ चालू दे म्हणून सांगते प्रभूला." तो इतका हसला की पहिली पट्टी निघाली तरी त्याला कळलं नाही. पण जखम खोल असली, की बाईंचा चेहरा बदलायचा. मग त्या एकच वाक्य बोलायच्या, "रड. मोठ्यानं रड. फक्त हलू नको." मी भलेभले पैलवान त्या वाक्यावर ढसाढसा रडलेले पाहिले आहेत.

त्यांची पद्धत एकच, आणि त्यापुढं त्या डॉक्टरांचंही ऐकायच्या नाहीत. खोल जखम वरून मिटू द्यायची नाही. गॉजची लांब वात करायची, औषधात भिजवायची आणि जखमेच्या तळापर्यंत घालायची. दुसऱ्या दिवशी ती ओढून काढायची, नवी घालायची. तळातून लाल मांस वर येत येत जखम भरली पाहिजे. वरची कातडी आधी जुळली, की आत पू कोंडतो.

हे शिकायला मला पंजा भेटला. पंजा म्हणजे ज्ञानोबा, पाचोडकडचा धनगराचा गडी, प्रेसमध्ये दोन बोटं गेलेली. बाराव्या दिवशी आला तो खुशीत, "बाई, मिटली बघा! उद्या ड्यूटीवर जातो." खरंच वर छान गुलाबी कातडी आली होती. बाईंनी अंगठ्यानं दाबलं. ज्ञानोबानं छताचे पत्रे हलतील अशी बोंब मारली. बाईंनी ती कातडी पुन्हा उघडली आणि आतून जे निघालं, त्याच्या वासानं मी बाहेर जाऊन ओकले. ज्ञानोबानं बाईंना आयमायवरून शिव्या घातल्या. बाई वात घालत राहिल्या. चाळीस दिवस तो आला, चाळीस दिवस शिव्या दिल्या, आणि एक्केचाळिसाव्या दिवशी बापानं विणलेली काळी घोंगडी घेऊन आला. "आमच्या आबानं दिलीय. नाय म्हनू नका." बाईंनी ती थंडीत मांडीवर घ्यायला ठेवली. इतकी टोचायची की मी कधी हात लावला नाही.

त्याच सुमाराला शहरात एक चंगाईची सभा झाली. आजारी माणसांसाठी मोठी प्रार्थना, मोठा मांडव. आमच्याकडं येणारी एक म्हातारी टाच, साखरेची पेशंट, तिथं गेली आणि 'मी बरी झाले' म्हणून पट्टी काढून फेकून आली. दहा दिवसांनी लेक तिला पाठीवर घेऊन आला. पाय गुडघ्याखालून काढावा लागला. रविवारी उपासनेनंतर मंडळीतल्या एका गृहस्थांनी म्हटलं, तिचा विश्वास कमी पडला असेल. बाई उठल्या. देवळात बायका सहसा मोठ्यानं बोलत नाहीत. बाईंचा आवाज पार फाटकापर्यंत गेला, मी तिथंच उभी होते.

"विश्वास कमी नव्हता, ड्रेसिंग कमी पडलं. आणि चंगाई म्हणजे डाग पुसणं, असं कुणी सांगितलं तुम्हाला? आपला प्रभू मरणातून उठून आला. त्याच्या मनात असतं तर कोऱ्या अंगानं आला असता. आला का? हातापायाची भोकं तशीच घेऊन आला. शिष्य म्हणाला, मला नाही पटत. तर त्याला तो म्हणाला, घाल बोट, बघ. त्याला ओळखलं ते भोकांवरनं!"

मी बौद्ध. देवाधर्माचं माझं आणि बाईंचं कधी जमलं नाही, पण त्या दिवशी मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

आमचं खरं भांडण नावावरनं झालं. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यावं म्हणून माझे वडील वर्षानुवर्षं मोर्च्यात चालले होते, तुरुंगात जाऊन आले होते. नामांतर हा शब्द आमच्या घरात रोजचा होता. खेड्यांतून घरं जळाल्याच्या बातम्या यायच्या तेव्हा आई चूल पेटवायची नाही. अशाच एका दिवशी डोकं फुटलेली तीन माणसं बांधून झाल्यावर बाई हात धूत म्हणाल्या, "एका नावासाठी अजून किती बांधायची मी?"

माझ्या हातात ट्रे होता. तो मी आपटलाच. "एक नाव? बाई, तुम्हाला काय जातंय हो बोलायला? तुमचं सलोमी आहे, तुम्हाला कुणी विचारत नाही. आम्हाला दारात उभं करून विचारतात. आम्हाला नाव हवंय, ठळक अक्षरात, वेशीवर!"

बाईंनी खाली सांडलेले चिमटे एक एक करून उचलले. "पुन्हा उकळायला लागतील," एवढंच म्हणाल्या. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्या तेव्हाही मला काही सांगू शकल्या असत्या. नाही सांगितलं.

मग तो आठवडा आला. विद्यापीठाचं नाव सरकारनं जाहीर केलं. आमच्या वस्तीत गुलाल उधळला, पेढे वाटले, वडील लहान मुलासारखे रडले. आणि दुसऱ्या दिवसापासून शहराचा श्वास कोंडला. दुकानं अर्ध्या शटरवर. कंपनीच्या बसगाड्यांच्या काचांना जाळ्या. रस्त्यावर दगड गोळा करून ठेवलेले दिसायचे.

सकाळी दहाला एक टेम्पो थेट आमच्या फाटकात शिरला. कापसाच्या रिकाम्या गोण्यांखाली एक माणूस होता, शेजारी त्याची बायको. माणूस तिशीचा, अंगात फणफणून ताप, डाव्या मांडीला लुगडं गुंडाळलेलं. लुगडं वाळून कडक झालं होतं. बाईंनी कात्रीनं कापलं. मांडीत मागच्या बाजूनं खोल भोक, कडा काळ्यानिळ्या, आजूबाजूला लाली गुडघ्यापासून वर चढत चाललेली. दोन दिवसांची जखम.

"कसं झालं?" मी विचारलं. बाई हा प्रश्न कधी विचारायच्या नाहीत.

"पडले ते, पत्र्यावर," बायको घाईनं बोलली. "छपरावनं पडले."

"व्हय. पत्र्यावर," तो म्हणाला.

बाईंचा हात थांबला. त्यांना असं थांबलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. चष्मा वर करून त्यांनी त्या दोघांकडं नीट बघितलं. "पत्रा आत जाऊन फिरत नाही," त्या म्हणाल्या.

मग हळूहळू निघालं. नाव उत्तम. पाट्या रंगवणारा पेंटर, पाचोडच्या पुढच्या एका खेड्यातला. विद्यापीठाचं नवं नाव त्यानं आपल्या वस्तीच्या तोंडाशी पाटीवर रंगवून लावलं. निळ्यावर पांढरं. संध्याकाळपर्यंत पाटी मोडली आणि त्याच्या मांडीत गुप्ती गेली. मारणारे ओळखीचे होते. घरी म्हातारी आई आणि दोन लेकरं अडकलेली. मोठ्या दवाखान्यात नेलं तर नावगाव लिहिलं जाणार, गावात कळणार, मग घर राहत नाही. आधी त्यांना मामाकडं हलवू द्या, अशी बायकोची विनवणी.

डॉक्टर आले, बघितलं, आणि बाहेर येऊन बाईंना म्हणाले, "हा पू कमरेपर्यंत चढला तर पाय जाईल. कदाचित माणूसही. आणि नियमानं मला पोलिसांना कळवायला पाहिजे."

"चार दिवस द्या," बाई म्हणाल्या. "तो स्वतःच्या पायानं चौकीत जाईल."

"चार. त्यात ताप उतरला नाही तर मी त्याला गाडीत घालून नेणार आणि सगळं लिहून देणार. मग त्याच्या घराचं काय व्हायचं ते होवो."

मागच्या खोलीत कापसाच्या गाठोड्यांच्या आडोशाला उत्तमची खाट टाकली. पांघरायला काही नव्हतं म्हणून बाईंनी ती घोंगडी टाकली. दिवसातून तीनदा वात बदलायची. पहिल्या दिवशी ताप हलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी थर्मामीटर झटकायचे, बाई नुसत्या भुवया उंचावून विचारायच्या, मी मान हलवायचे. लाली कुठवर आलीय ते बाईंनी पेनानं रेघ मारून ठेवलं होतं. दुसऱ्या संध्याकाळी लाली रेघेच्या बोटभर पुढं गेली होती. बाईंनी नवी रेघ मारली. त्या दिवशी अर्धं गीतसुद्धा ऐकू आलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी फाटकात मोटारसायकली थांबल्या. सहासात गाड्या, दहाबारा माणसं. बाकावरचे अंगठे आणि कोपरं भराभर उठून कडुलिंबामागं सरकली. माझ्या हातात वातीचा ट्रे होता. तो खडखड वाजायला लागला. मी भिंतीला टेकून उभी राहिले तरी वाजतच होता.

बाई दारात गेल्या. हातमोजे तसेच. "कोण पाहिजे?"

"उत्तम पेंटर आलाय का हितं?" पुढचा म्हणाला. गळ्यात उपरणं, डोळे तारवटलेले.

"इथं पेंटर नाही. दोन अंगठे आहेत, एक कोपर आहे, आत एक मांडी आहे."

"बाई, लई शानपना नगा करू. आडनाव काय त्याचं?"

"मी विचारत नाही. अख्ख्या जिल्ह्याला ठाऊक आहे, मी विचारत नाही."

"मग आमीच इचारतो." त्यानं पायरीवर पाय ठेवला.

बाई सरकल्या नाहीत. त्या त्याच्याकडं बघतही नव्हत्या. त्याच्या खांद्यावरून मागं बघत होत्या. "पंजा," त्या म्हणाल्या. "तू मागं काय करतोस? पुढं ये."

गर्दीच्या शेवटी, गाडीला टेकून, हात खिशात घालून ज्ञानोबा उभा होता. म्हणजे यानंच दवाखाना दाखवला. त्या बाजूच्या माणसाला जखम झाली की तो कुठं जाईल, हे याच्याइतकं कुणाला माहीत होतं?

"बाई, म्या आपला..."

"हात काढ खिशातून."

"बाई—"

"हात."

माणसं बाजूला झाली. का झाली कोण जाणे, कदाचित नवल वाटलं असेल. ज्ञानोबा पायरीपाशी आला आणि त्यानं हात पुढं केला. बाईंनी मोजा काढला, तो हात आपल्या हातात घेतला, उन्हाकडं वळवला, वणावर अंगठा दाबला. सगळे बघत राहिले.

"थंडीत ठणकतो?"

"व्हय."

"तेल लावतोस का?"

"नाय लावत."

"का नाही लावत? चाळीस दिवस मी कशाला मेले मग? चल आत. मला पाय धरायला माणूस पाहिजे. या मंगलचे हात बघ कसे थडथडतात. बाकीचे बाहेर थांबा, आत माती येते."

पुढचा काहीतरी बोलायला गेला. ज्ञानोबा त्याला म्हणाला, "थांब जरा. बघून येतो." चपला काढल्या आणि बाईंच्या मागं आत आला. मी त्यांच्या मागं. एवढाच माणूस आत आलाय आणि त्यानं एक हाक मारली की सगळं संपलं, हे मला कळत होतं. बाईंना कळत होतं की नाही, त्यांच्या पाठीवरून काही कळेना.

ज्ञानोबा खाटेपाशी गेला आणि उभा राहिला. त्यानं आधी उत्तमचं तोंड बघितलंच नाही. घोंगडी बघितली. काठाला लाल दोऱ्याची टीप होती, तिला त्यानं बोट लावलं. मग वर बघितलं. उत्तमचे डोळे उघडे होते.

"ज्ञानबा," उत्तम म्हणाला. दोघं एकाच शाळेत होते, हे मला नंतर कळलं.

"गुडघ्याच्या वर धर," बाई म्हणाल्या. "दोन्ही हातांनी. घट्ट."

त्यानं धरलं. बाईंनी डोळे मिटले, ओठ हलले, चिमटा आत गेला. जुनी वात बाहेर यायला लागली, वीतभर, हातभर, पिवळी, लाल. तो वास ज्ञानोबाच्या ओळखीचा होता. त्याचं तोंड वाकडं झालं पण हात सुटले नाहीत. बाईंनी नवी वात घालायला घेतली.

"रड," बाई मान वर न करता म्हणाल्या. "मोठ्यानं रड. फक्त हलू नको."

मी उत्तमकडं बघितलं. तो दात आवळून छताकडं बघत होता. रडत होता तो ज्ञानोबा.

पट्टी बांधून झाल्यावर तो बाहेर गेला. मी दाराआड उभी राहिले. "चला रं," तो म्हणाला. "पेंटर नाय हितं. कुनी मांडीवाला हाय, मरायला टेकलाय." पुढच्यानं त्याच्याकडं बराच वेळ बघितलं. मग गाडीला किक मारली. एक एक गाडी गेली. ज्ञानोबा पुन्हा कधी दवाखान्यात आला नाही. घोंगडी न्यायलाही नाही.

मी आत आले. मला वाटलं आता उत्तम हात जोडेल, बाईंच्या पाया पडेल. तो म्हणाला, "बाई, मला मांडी म्हनू नका."

"काय?"

"तुमी वाचवलं. लई उपकार. पन मी मांडी नाय. मी उत्तम पेंटर. पुरं नाव सांगतो." आणि त्यानं सांगितलं, बापाच्या नावासकट, आडनावासकट, ताप डोक्यात असताना, शाळेत हजेरी देतात तसं खणखणीत. "असंच दडून वाचलो तर तो पत्रा खरा व्हतो बाई. मग मला कुनी मारलंच नाय."

मला एवढा अभिमान वाटला की मी बाईंकडं बघितलं, आता बोला म्हणून. बाईंनी हातातली कात्री खाली ठेवली आणि मागच्या नळावर गेल्या. बराच वेळ पाणी वाहत राहिलं. मी डोकावले तर त्या हात धूत नव्हत्या, नळासमोर नुसत्या बसल्या होत्या.

चौथ्या दिवशी सकाळी थर्मामीटर बघून मी किंचाळले. ताप उतरला होता, लाली रेघेच्या आत आली होती. तो चालता होईपर्यंत थांबायला डॉक्टरही कबूल झाले. मग सतरा दिवस वात, रोज थोडी आखूड. म्हातारी आणि लेकरं मामाकडं पोचली. अठराव्या दिवशी उत्तम काठी टेकत उठला. चौकी जवळच होती. एका बाजूला बायको, एका बाजूला मी, मागं बाई. फिर्यादीला डॉक्टरांचा दाखला जोडला होता. पण दोन दिवसांची ताजी जखम सगळ्यांत आधी उघडून बघितली ती बाईंनी. त्यांनी दोन ओळींचा जबाब द्यायचा होता.

चौकीच्या पायरीशी बाई थांबल्या. "तुम्ही जा. मी इथं आहे."

"अहो, जबाब तुमचा आहे."

"तिथं पूर्ण नाव विचारतात," बाई म्हणाल्या. मला वाटलं चेष्टा करतायत. त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि उत्तमला घेऊन आत गेले.

उत्तमनं पूर्ण नावानिशी फिर्याद दिली. बाई बाहेर उन्हात उभ्या होत्या. परतीच्या वाटेवर मी त्यांना नको नको ते बोलले. भित्र्या म्हणाले. तुमच्या प्रभूनं भोकं दाखवली, तुम्हाला साधं नाव दाखवता येईना, असंही म्हणाले. त्या पुढं चालत राहिल्या. वर्षभरात त्या निवृत्त झाल्या आणि माझंही लग्न होऊन मी पैठणला गेले.

केस रखडत राहिली. तारखांवर तारखा. समोरच्यांचं म्हणणं एकच, हा छपरावरून पत्र्यावर पडला, बायकोनं पहिल्याच दिवशी टेम्पोवाल्याला तसं सांगितलं होतं. डॉक्टर तोवर वारले होते. हे मला उत्तम बाजारात भेटला तेव्हा त्यानंच सांगितलं. बाईंना त्यानं कधी विचारलं नाही. "त्यांनी पाय दिला," म्हणाला. "आनखी किती मागायचं?"

त्याच्या दुसऱ्या महिन्यात निरोप आला, बाई आजारी आहेत, तुला बोलावतात. छावणीतल्या मंडळीच्या एका खोलीत त्या पडून होत्या. वाळून एवढ्याशा झाल्या होत्या. साखर निघाली होती, उजव्या टाचेला खोल जखम. ड्रेसिंगला एक नवी मुलगी यायची. बोलता बोलता मी त्यांना उत्तमच्या केसचं सांगितलं आणि पट्टी सोडली. वरून छान मिटली होती. मी अंगठ्यानं दाबलं आणि आमची दोघींची नजर एक झाली.

"उघड," बाई म्हणाल्या.

मी उघडली. वात केली, भिजवली, घातली. माझे हात या वेळी हलले नाहीत. तेवढ्या वेळात त्या बोलत राहिल्या, छताकडं बघत.

"माझा बाप हलगी वाजवायचा. मांगवाड्यातला. एकदा अंगात ताप होता म्हणून लग्नात वाजवायला नाही म्हणाला. लग्नघरच्यांच्या काठीला लोखंडी वळं होतं. पाठ फोडली. तो सगळ्यांना सांगत सुटला, गाडीवरून पडलो. आईनं हळद दाबून बांधली. वरून मिटली. मग मिशनच्या दवाखान्यात नेलं, तिथल्या सिस्टरनं उघडली. त्याच्या पाठीला हात लावणारी ती पहिलीच. पण उशीर झाला होता. तिनं नाव विचारलं, त्यानं सांगितलं नाही, गावात कळेल म्हणून. तिनं वहीत 'पाठ' लिहिलं. दुसऱ्या दिवशी बाप मेला. वहीत पाठ मेली. मला वाटायचं, नाव न विचारणं ही दया. आहेच. पण मी स्वतः त्याच्याखाली लपले गं. प्रभूनं दाखवली, मी झाकली. त्या पेंटरला कळलं, मला कळायला आयुष्य गेलं."

मी पट्टीची गाठ मारली. मला काही दिसेना.

"रड," त्या म्हणाल्या. "मग कागद घे."

मी लिहिलं, त्या सांगत गेल्या. आधी उत्तमचं पुरं नाव, मग, याच्या डाव्या मांडीची जखम मी स्वतः उघडून पाहिली. ती धारदार हत्याराची होती. ती पत्र्याची नव्हती. मी शपथेवर सांगते. उत्तमचा वकील त्याला म्हणाला होता, कोर्टाच्या साहेबांना खोलीवर बोलावून जबाब घेता येईल, फक्त बाई तयार पाहिजेत. जबाब टिकेल की नाही, बाई तोवर टिकतील की नाही, मला माहीत नव्हतं. मी कागद त्यांच्यापुढं धरला. त्यांनी 'सलोमी' लिहिलं. मग 'डी' न लिहिता पेन तसंच धरून ठेवलं. मग एक एक अक्षर काढत लिहिलं, दगडू. आणि पुढं, खरात.

"कसं दिसतंय?"

"ठळक," मी म्हणाले.

"बाहेर जा आणि हाक मार. मी आयुष्यभर लोकांना मारली, मला कुणी मारली नाही."

मी उठले. बाहेर ओट्यावर दोनतीन बायका बसल्या होत्या, शेजारच्या दारात पाळकसाहेब कुणाशी बोलत उभे होते. मी उंबऱ्यावर उभी राहिले, पार फाटकापर्यंत जाईल एवढा आवाज काढला.

"सलोमी दगडू खरात कोण आहे?"

सगळ्यांनी वळून बघितलं. आतून, खाटेवरून, आवाज आला.

"मी आहे."